पाणी येण्याआधीचा ठराव

माणदेशातल्या किंवा आष्टी-पाटोद्याच्या माळावरच्या गावात डोंगरउताराला समतल चर खणले, ओढ्याला दगडी बांध घातले, की पहिल्या चांगल्या पावसात पाणी मुरतं आणि पायथ्याच्या विहिरींना चढतं. वरच्या अंगाला ज्याची मुरमाड एक-दीड एकर आहे त्याच्याकडे ते क्वचितच पोचतं. ज्याला जमीनच नाही त्याच्या वाट्याला येतो उन्हाळ्यात महिनाभर जास्त चालणारा हातपंप आणि बागायत वाढल्यामुळे मिळणारी थोडी अधिक मजुरी. यामागे कुणाचा कट नसतो. पाणी उताराने जातं, आणि १८८२च्या सुविधाधिकार कायद्यापासून आपल्याकडे रुजलेली समजूत अशी की ज्याची जमीन त्याचंच तिच्या पोटातलं पाणी. सगळ्या गावाने मिळून मुरवलेलं पाणी विहिरीत उतरलं की एका खातेदाराचं होतं.

ग्रामीण भागात स्त्रियांसाठी, शेतीसाठी आणि पर्यावरणासाठी काम करणाऱ्या छोट्या संस्थांबद्दल मला मनापासून आदर आहे. सरकारी यंत्रणा जिथे वर्षातून एकदा जीप घेऊन येते, तिथे या संस्थांची माणसं वस्तीला राहतात. पण त्यांच्या कामाचा हिशोब आपण ज्या रीतीने मांडतो ती रीत अपुरी आहे. किती चर खणले, किती झाडं लावली, किती बचत गट झाले, विहिरीची पातळी किती फूट वाढली, हे सगळं अहवालात येतं. जे निर्माण झालं त्यावर हक्क कुणाचा, हे मात्र येत नाही. आणि हा प्रश्न काम संपल्यावर विचारून उपयोग नसतो. तो पाणी येण्याआधी विचारावा लागतो, कारण तेव्हा गावातल्या सगळ्यांना सगळ्यांची गरज असते. चर खणायला पायथ्याच्या बागायतदाराला वरच्या वस्तीची माणसं हवी असतात, दोन महिने शेळ्या माळावर येऊ नयेत म्हणून मेंढपाळाची संमती हवी असते. एकदा विहिरीला पाणी लागलं की ही गरज संपते, आणि गरज संपल्यावर कुणी आपला वाटा सोडल्याचं उदाहरण मला तरी फार सापडत नाही.

या कामातले हात मुख्यतः बायकांचे असतात, आणि हे आजचं नाही. १९७२च्या दुष्काळात खडी फोडण्याची, रस्त्यांची, बांधबंदिस्तीची कामं निघाली. १९७३च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसं या कामांवर होती आणि त्यांत बायकांची संख्या प्रचंड होती. त्याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि १९७९च्या प्रजासत्ताकदिनी अमलात आला. त्या कायद्याने बाईच्या श्रमाला निदान हजेरीपटावर नाव आणि मजुरी दिली. पुढे पाणलोट विकासाच्या कार्यक्रमांत श्रमदान आलं. २०१६ साली तीन तालुक्यांत सुरू झालेल्या ‘वॉटर कप’ स्पर्धेने तर श्रमदानाला उत्सवाचं रूप दिलं. पहाटे टिकाव-घमेली घेऊन निघालेल्या बायकांच्या रांगा महाराष्ट्राने पाहिल्या. त्या उत्साहाची किंमत मी कमी करणार नाही. गटातटांत विभागलेली गावं एकत्र आली, ही मोठी गोष्ट होती. तरीही एक फरक लक्षात घ्यायला हवा. ज्याची विहीर पायथ्याला आहे त्याचं श्रमदान म्हणजे गुंतवणूक असते, आणि भूमिहीन बाईचं श्रमदान म्हणजे खरोखरच दान असतं. दोघांची नावं एकाच फलकावर लिहिली म्हणून हा फरक मिटत नाही.

चराईबंदीचा मुद्दा याहून टोकदार आहे, आणि त्याबद्दल फारच कमी बोललं जातं. राळेगणसिद्धीच्या पंचसूत्रीत कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी या दोन बंद्या होत्या. पुढे राज्यभरच्या पाणलोट कामांनी त्या उचलल्या, आणि शास्त्राच्या बाजूने त्या योग्यच होत्या. उघड्या माळावर गवत यायचं, माती धरून ठेवायची, तर काही वर्षं मोकाट चराई थांबायलाच हवी. पण माळावर चरतं कोण? बागायतदाराच्या गाई-म्हशी गोठ्यात असतात, कडबा आणि हिरवा चारा खातात. माळावर चरतात त्या धनगरांच्या मेंढ्या आणि भूमिहीन घरांतल्या शेळ्या. शेळी हे कोरडवाहू गावात बाईच्या हातातलं एकमेव असं धन आहे, की जे तिला कुणाला न विचारता विकता येतं. पोराची फी, नवऱ्याचा दवाखाना, लेकीचं बाळंतपण हे एकेका बोकडावर निभावतं. चराईबंदीचा ठराव झाला की पहिल्या सहा महिन्यांत या शेळ्या बाजारात जातात. तीन-चार वर्षांनी माळावर कमरेइतकं गवत उभं राहतं तेव्हा ते कापून नेण्याची ऐपत दुभती जनावरं पाळणाऱ्यांचीच असते. सरपणाचंही तेच. कुऱ्हाडबंदीने झाडं वाचली, पण चूल बंद झाली नाही. लाकूडफाटा आणायला बाई आणखी लांब जाऊ लागली. गावाच्या पर्यावरणाचा खर्च अशा रीतीने गावातल्या सर्वांत कमी ताकदीच्या माणसांनी भरला, आणि तो कुणी मोजला नाही. गवत उगवण्याआधीच ते आधी कुणी कापायचं हे ठरलं असतं, बंदी एका वेळी माळाच्या तिसऱ्या हिश्शालाच लावली असती, तर शेळ्याही राहिल्या असत्या आणि गवतही आलं असतं. हे अवघड नव्हतं. बैठकीत हा प्रश्न मांडणारं कुणी नव्हतं, इतकंच.

वाटा आधी ठरवता येतो याचा पुरावा महाराष्ट्राकडे पन्नास वर्षांपासून आहे. पुण्याचे अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे १९७२च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात फिरले. नायगावला देवस्थानाची ४० एकर पडीक जमीन त्यांनी कसायला घेतली आणि तिथे माती-पाण्याचं काम उभं केलं. १९७४ साली ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन झालं, आणि त्यातून पाणी पंचायत ही कल्पना आकाराला आली. तिचे नियम आजही वाचण्यासारखे आहेत. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, माणसांच्या प्रमाणात वाटायचं: माणशी अर्ध्या एकराचं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा. ऊस आणि बारमाही पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. उपसा योजनेच्या खर्चातला २० टक्के वाटा सभासदांनी आधी जमवायचा, सरकारी अनुदान ५० टक्के, उरलेले ३० टक्के प्रतिष्ठानचं बिनव्याजी कर्ज. पाणी सोडायचं काम गावाने नेमलेल्या पाटकऱ्याचं.

या नियमांतली सगळ्यांत धाडसी गोष्ट भूमिहीनाचा वाटा ही होय. शेत नसलेल्या माणसाने पाणी घेऊन काय करायचं, असा प्रश्न व्यवहारी माणूस विचारेल. उत्तर असं की पाणी हातात असेल तर जमीन खंडाने किंवा वाट्याने मिळते. पाणी नसलेला जमीनदार आणि जमीन नसलेला पाणीदार एकमेकांसमोर बसतात तेव्हा भूमिहीनाला आयुष्यात पहिल्यांदा सौद्यात बोलायला जागा मिळते. आणि हे सगळं पाइप टाकण्याआधी ठरत होतं. नियम मान्य नसतील तर योजना नाही, इतकी ती अट कडक होती.

पुढे या योजनांपैकी बऱ्याच थंडावल्या. विजेची बिलं, खाजगी विहिरी, पुण्याची वाढती ओढ, उसाचं आकर्षण, अशी कारणं त्यामागे आहेत. त्यावरून कल्पनाच फसली असा निष्कर्ष काढणारे मला भेटतात. मला तो पटत नाही. पाणी पंचायतीच्याच काळातल्या सहकारी आणि सरकारी उपसा योजनाही कमी बंद पडल्या नाहीत, त्यांत तर समन्यायी वाटपाची कसलीच अट नव्हती. म्हणजे योजना बंद पडण्याचं खापर समतेवर फोडता येत नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. पाणी पंचायतीने माणसं मोजली, पण हक्क कुटुंबाला दिला. बाईचं डोकं मोजलं गेलं, त्या मोजणीने कुटुंबाचा वाटा वाढला, आणि वाढलेला वाटा कर्त्या पुरुषाच्या हाती गेला. कुटुंब एकसंध आहे असं धरलं की हे खटकत नाही. पण टाकलेली बाई कोणत्या कुटुंबात मोजायची? नवऱ्याच्या घरातून ती बाहेर काढलेली, माहेरी ती भावाच्या आश्रयाला. संगमनेरला १९८८ साली निशा शिवूरकर आणि समता आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी परित्यक्तांची परिषद घेतली. या बायकांना स्वतंत्र रेशनकार्ड मिळावं इतकी साधी मागणीही तेव्हा लढून मिळवावी लागत होती, कारण सरकारच्या कागदावर त्यांचं घरच नव्हतं. जी बाई रेशनकार्डावर दिसत नाही ती पाण्याच्या वाटपात कशी दिसणार? सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर मुक्ती संघर्ष चळवळीने लोकवर्गणीतून आणि नदीच्या वाळूच्या विक्रीतून बळीराजा धरण उभं केलं, तेव्हा समान पाणीवाटपाचा मुद्दा भूमिहीनांपर्यंत नेला गेला. त्याच परिसरात स्त्रीमुक्तीचं काम करणाऱ्या इंदुताई पाटणकरांनी परित्यक्तांचा प्रश्नही हाती घेतला होता. पाण्याची आणि टाकलेल्या बाईची चळवळ एकाच मातीत शेजारी शेजारी चालली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

शेजारी शेजारी म्हणण्याचं कारण आहे. आजच्या बहुतेक संस्थांत हे दोन विभाग वेगळे असतात. महिला विभागाची कार्यकर्ती बचत गटाची बैठक घेते, कर्जाची वही तपासते, शिलाई किंवा मसाल्याचं प्रशिक्षण लावते. पाणलोट विभागाचा अभियंता पारावर बसून पुरुषांशी बांधाची जागा ठरवतो. दोघं एकाच गाडीतून गावात येतात आणि वेगवेगळ्या माणसांना भेटून परत जातात. स्त्रियांसाठी झालेलं उत्तम काम आठवून पाहिलं तर त्यात एक समान धागा दिसतो. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७०पासून जामखेडला गावोगावच्या, बऱ्याचदा निरक्षर आणि दलित बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं. त्यांना मिळालेलं ज्ञान कुणाला काढून घेता आलं नाही. म्हसवडला चेतना गाला-सिन्हा आणि माणदेशी बायकांनी बँकेसाठी अर्ज केला तेव्हा सभासद अंगठेबहाद्दर म्हणून रिझर्व्ह बँकेने तो नाकारला. बायका लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि १९९७ साली बँक उभी राहिली. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपलं. ज्ञान, बचत, बियाणं. ही तिन्ही धनं बाईच्या अंगावर, पदरात किंवा मडक्यात राहतात. जमीन आणि पाण्याला हात घालायची वेळ आली की बहुतेक संस्थांचा आवाज खाली येतो. त्यांची अडचण मला कळते. बचत गटाला नवरा हरकत घेत नाही, सातबाऱ्यावर नाव म्हटलं की सासरा, दीर, चुलते सगळे उंबऱ्यात येतात.

पण मूळ तिथेच आहे. देशातल्या वहितीदारांत स्त्रियांचं प्रमाण २०१५-१६च्या कृषिगणनेत साधारण १४ टक्के होतं. शेतातली खुरपणी, लावणी, काढणी, बियाणं निवडणं ही कामं कोण करतं हे सांगायला गणनेची गरज नाही. खातं नाही म्हणून तिला पीककर्ज नाही, विमा नाही, पंपाचं अनुदान नाही, आणि नवऱ्याने आत्महत्या केली तर आधी वारसनोंदीसाठी तलाठ्याच्या दारात उभं राहणं आलं. बहिणींकडून हक्कसोडपत्र करून घेण्याची रीत तर १९९४च्या राज्याच्या आणि २००५च्या केंद्राच्या दुरुस्तीनंतरही चालूच आहे. बहीण सही करते, कारण माहेरचं दार उघडं राहावं एवढीच तिची इच्छा असते.

या ठिकाणी सर्वांत स्पष्ट पाऊल शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने उचललं. १९८६च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं. त्यानंतर काही वर्षांनी शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम मांडला: नवऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करून द्यायचा, आणि ज्या गावात शंभर घरं असं करतील त्याला लक्ष्मीमुक्तीचं गाव म्हणून मान द्यायचा. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर त्यात पहिलं. भूक, दया, कल्याण यांपैकी काहीही न सांगता, घरच्या लक्ष्मीचं देणं फेडा, असं शेतकऱ्याला त्याच्याच शब्दांत सांगितलं गेलं आणि त्याने ते मानलं. राज्य सरकारने १९९२ साली त्याच नावाने सातबाऱ्यावर पत्नीचं नाव लावण्याची योजना आणली, पण संघटनेच्या सभेत जे घडलं ते तलाठी कार्यालयात घडलं नाही. मराठवाड्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने वेगळी वाट काढली. १९९३च्या भूकंपानंतर गावांच्या पुनर्बांधणीत संवाद सहायक म्हणून काम करणाऱ्या बायकांमधून या संस्थेची ताकद उभी राहिली होती. पुढच्या दुष्काळांत या बायकांनी घरच्या शेतातला एक एकर किंवा अर्धा एकर आपल्या निर्णयाने कसायला मागितला. त्यात सोयाबीन-उसाऐवजी डाळी, ज्वारी, भाजीपाला, कमी पाण्याचं आणि घरात खाण्याचं पीक घेतलं. नवरा मालकी द्यायला तयार नव्हता, पण एवढी मोकळीक द्यायला तयार झाला. मी या कामाचा चाहता आहे, आणि तरीही नोंदवतो: ही मोकळीक आहे, हक्क नाही. नवऱ्याचं मन फिरलं, जमीन विकली गेली, घरात दुसरी बायको आली, तर त्या एकराचं संरक्षण करणारा कागद त्या बाईकडे नाही.

कागद मिळू शकतो हे गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने दाखवलं. २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क ग्रामसभेच्या नावे झाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. त्याच कायद्यात वैयक्तिक पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे द्यावा, तो वारशाने जावा पण विकता येऊ नये, अशी तरतूद आहे. साताऱ्याच्या किंवा बीडच्या शेतकरी बाईला जे तीस वर्षं मागून मिळालं नाही ते कायद्याने गडचिरोलीच्या आदिवासी बाईला निदान कागदावर दिलं. पण मेंढ्याचं काम २००६ला सुरू झालं नव्हतं. ऐंशीच्या दशकातल्या धरणविरोधी आंदोलनापासून, देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने, गाव अभ्यासगटात बसत होतं आणि सर्वसहमतीने निर्णय घ्यायची सवय लावून घेत होतं. कायदा आला तेव्हा गाव तयार होतं.

पंचवीस वर्षांच्या या तयारीला आज पैसा कोण देईल? कंपनी कायद्याने २०१४पासून मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक केलं, आणि त्यातून ग्रामीण कामाला खरोखर मोठा निधी मिळाला. पण त्याच नियमांत चालू प्रकल्पाची मुदत सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांची आहे. तीन वर्षांत बांध होतो. तीन वर्षांत सासऱ्याचं मन वळत नाही. परदेशी देणग्यांचा कायदा २०२० साली बदलला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, आणि एका संस्थेने मिळालेला परदेशी निधी दुसरीला देण्यावर बंदी आली. तालुक्यातल्या छोट्या संस्थांना जो पैसा शहरातल्या मोठ्या संस्थेच्या हातून मिळत होता तो थांबला. याचा सर्वांत मोठा फटका बसतो तो मानधनावरच्या गावपातळीवरच्या कार्यकर्तीला. चर खणायला निधी मिळतो. चर खणण्याआधी आठ महिने वस्त्यांवर जाऊन, धनगरवाड्यावर रात्री थांबून, टाकलेल्या बायकांची यादी करून जे बोलणं करायचं असतं त्यासाठी रकाना नसतो.

या बोलण्यातून पाणी येण्याआधीच वाट्याचा ठराव ग्रामसभेत व्हायला हवा. असा ठराव खाजगी विहिरीवरची मालकी मोडू शकत नाही, हा आक्षेप बरोबर आहे. पण गावाला स्वतःवर मर्यादा घालता येते. हिवरे बाजारने सिंचनासाठी बोअरवेल घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही असं ठरवलं आणि दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून कोणतं पीक किती घ्यायचं हे ठरवलं. हे नगर जिल्ह्यातल्या अवर्षणप्रवण टापूत घडलं. ज्या गावाला उसाला नाही म्हणता येतं त्याला शेळीवालीला गवताचा पहिला मान देता येईल, तलावातल्या मासळीचा आणि गाळाचा वाटा भूमिहीनांना देता येईल, सार्वजनिक विहिरीच्या पाण्यात विधवा आणि परित्यक्तेचं स्वतंत्र नाव लिहिता येईल. बांधात ज्याच्या शेताचा तुकडा जातो त्याची भरपाईही त्याच ठरावात लिहावी, तोही अन्याय खरा आहे. ठरावाची नक्कल बचत गटाच्या पेटीत असावी, ग्रामपंचायतीच्या कपाटात एकटी पडू नये.

ठरावाशिवाय काम नाही, अशी अट घातली तर पुष्कळ गावं संस्थेला दारातूनच परत पाठवतील. संस्थेची गावं दहाऐवजी तीन राहतील आणि देणगीदाराला आकडे लहान दिसतील. हे मान्य करूनच पुढे जायला हवं. देणगीदाराने पहिला हप्ता देण्याआधी ठरावाची नक्कल मागावी, आणि ती नसेल तर एक वर्ष फक्त बैठकांसाठी पैसे द्यावेत. त्या वर्षाचा खर्च तसा थोडाच असतो: कार्यकर्तीचा पूर्ण पगार, तिच्या एसटीचं भाडं, आणि मजुरी बुडवून बैठकीला येणाऱ्या बाईची त्या दिवसाची रोजंदारी. अर्जाच्या नमुन्यात या तीन ओळी घालायला कुठल्याही कायद्याची आडकाठी नाही.